हजाराच्या आतली वाईन

फौजी आणि दारू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रमच येते. बर्फ, बंकर, हातात मग. मंडळी, मला रम कधीच आवडली नाही. नवा लेफ्टनंट म्हणून युनिटमध्ये आल्यावर मेसमध्ये हे बोलून दाखवणं म्हणजे जवळजवळ शिस्तभंगच. वाईन तेव्हा लेडीज नाईटला निघायची, तीही एकदम गोड, खोकल्याच्या औषधाची सख्खी बहीण.

नाद लावला तो देवळालीने. मी तोफखान्यातला, त्यामुळे स्कूल ऑफ आर्टिलरीत कोर्सच्या निमित्ताने जाणं ठरलेलंच. २००३ साली यंग ऑफिसर्स कोर्सला गेलो तेव्हा नाशिकच्या वाईनचे नवलाईचे दिवस होते. सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आलेली, २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून अबकारी करात सूट दिलेली. दिंडोरी-निफाडकडे जो तो वाईनच्या द्राक्षांबद्दल बोलत होता. आम्ही चार कोर्समेट वर्गणी काढून शेनिन ब्लांची एक बाटली आणायचो आणि मेसमधून बांधून आणलेल्या कोथिंबीर वडीबरोबर संपवायचो. ही द्राक्षाची जात मूळची फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातली. पण कोथिंबीर वडीशी तिचं इतकं जमतं की नातं जुनंच असावं!

तेव्हापासूनचा माझा नियम साधा आहे. बाटली खिशाला परवडली पाहिजे (आज ही मर्यादा हजार रुपये) आणि ज्या मोसमात उघडतो त्या मोसमाला शोभली पाहिजे. वाईनला कुठला आलाय मोसम, असं वाटेल. पण आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात. म्हणजे त्या वर्षीची ताजी पांढरी वाईन पावसाळ्याच्या सुमारास बाटलीत येते. हजाराच्या आतली पांढरी वाईन साठवून सुधारत नाही. ती ताजी असतानाच प्यावी. म्हणून मी लेबलवरचं साल आधी बघतो, नाव नंतर. दोन वर्षांपेक्षा जुनी पांढरी बाटली कितीही सवलतीत मिळाली तरी घेत नाही. उन्हात चमकणाऱ्या शोकेसमधली तर फुकटही नको.

हे शहाणपण राजस्थानने शिकवलं. पारा ४५ च्या पुढे, आणि गावातल्या दुकानदाराने रेड वाईन खिडकीत मांडलेली. चव विचाराल तर उकळलेल्या मनुकांचं पाणी. 'रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला युरोपातल्या खोल्यांचा आहे. आपल्या खोलीत ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच प्यावी. शिवाय राज्य बदललं की कर बदलतो. देवळालीत सहज परवडणारी बाटली दुसऱ्या राज्यात माझ्या हजाराच्या कुंपणाबाहेर जाते. बदलीची ऑर्डर आली की बायको मुलांची शाळा शोधते आणि मी त्या राज्याचे वाईनचे भाव बघतो. कोण जास्त जबाबदार, ते सांगायला नको.

शिलाँगला मात्र द्राक्षं विसरावी लागली. तिथे फळांची वाईन. स्ट्रॉबेरी, प्लम, अननस, आलंसुद्धा! आणि सोहियोंग नावाची काळी रानटी चेरी. ही वाईन पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी व्हायची. सरकारने तिला रीतसर मान्यता दिली २०२० साली. आमच्या शेजारच्या कोंग (खासी भाषेत मोठ्या बहिणीला कोंग म्हणतात) जुन्या बाटल्या धुऊन त्यात भरून ठेवत. द्राक्षाइतकी साखर या फळांत नसते, ती वरून घालावी लागते, आणि बऱ्याच जणांचा हात तिथेच सैल सुटतो. दहांतल्या सात बाटल्या सरबत. पण कोंगची सोहियोंग गडद, आंबट, जिभेला किंचित आवळणारी. धुरावलेल्या डुकराच्या मटणाबरोबर तिला तोड नव्हती. भाव विचारला तर त्या हसायच्या आणि रिकामी बाटली परत आणा म्हणायच्या.

आता सुभेदार साहेबांबद्दल. माझ्या बॅटरीतले, निफाड तालुक्यातले. आम्ही दोघंही एकमेकांना साहेब म्हणतो, फौजेची रीतच ती. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी २००६ साली दीड एकर शिराझ लावली, एका वायनरीशी करार करून. २००९ साली मी पुन्हा देवळालीला कोर्सला गेलो, तेव्हा बाजार कोसळला होता. वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या, माल उचलायला कोणी नाही. साहेबांचे एका हंगामाचे पैसे बुडाले. वाईनचं द्राक्ष बाजारात नेऊन विकता येत नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया. खायला कोण घेणार? आजूबाजूच्या कितीतरी बागांवर कुऱ्हाड चालली. साहेबांनी एक एकरावर खायच्या द्राक्षाचं कलम करून घेतलं. मुलीचं लग्न एक वर्ष पुढे ढकललं. उरलेला अर्धा एकर का ठेवला, असं मी विचारलं. म्हणाले, "साहेब, वेलीनं काय केलंय?"

गंमत म्हणजे साहेब माळकरी. आयुष्यात थेंबाला शिवलेले नाहीत, रेजिमेंटच्या बडाखान्यातही नाही. द्राक्ष तयार झालं की नाही ते ते बी चावून ठरवतात. बी तपकिरी होऊन कडकन फुटली की तोडणी. मग यंत्राने साखर मोजतात, पण माझ्या पाहण्यात यंत्राने त्यांना खोटं पाडलेलं नाही.

२०२१ साली तिसऱ्यांदा देवळालीला गेलो तेव्हा तो अर्धा एकर दुसऱ्या वायनरीला जात होता. पैसे वेळेवर येत होते. बांधावर बसून आम्ही हिशोब केला. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं. त्यांना किलोमागे मिळायचे चाळीसच्या आसपास. म्हणजे माझ्या आठशेच्या बाटलीत साहेबांचे पन्नास. साहेबांनी आकडा ऐकला, मान हलवली आणि ठिबकची नळी तपासायला उठले. तेव्हापासून 'परवडणारी' हा शब्द उच्चारताना माझी जीभ थोडी अडखळते. हजाराची मर्यादा मात्र मी सोडलेली नाही. पगार तोच आहे.

त्या वायनरीची शिराझ मी दर हिवाळ्यात जिथे असेन तिथे मागवतो, मिळाली तर. मटणाच्या रश्शाबरोबर उघडतो आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन. त्यांना चव सांगायची म्हणजे ओळखीच्या गोष्टींतच सांगावी लागते: जांभूळ, मिरी, ओल्या मातीचा वास. गेल्या खेपेला म्हटलं, "साहेब, या वेळी जरा पातळ लागली, आंबटपणाही कमी."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरोबर आहे. त्या साली तोडणीच्या आधी अवकाळी आला होता. मण्यांत पाणी भरलं. मी त्यांना सांगितलं होतं आठ दिवस थांबा, पण गाडी आली होती."

यंदा पाऊस वेळेत थांबलाय, असं ते म्हणतात. गोडी छाटणी झाली आहे.