मोटारीच्या खड्ड्यातला दगड

नदी उतरली म्हणून परवा सक्शन पाइप पुढं सरकवायला मळीच्या कडेला खड्डा काढला. पुरुषभर खाली गोट्यांचा थर लागला, त्यात हा फोटोतला दगड. एका अंगाला टोक, मुठीत बरोबर बसतोय. धाकटा म्हणाला, "आण्णा, आदिमानवाचं हत्यार हाय हे!"

नाही. घडवलेल्या हातकुऱ्हाडीला दोन्ही तोंडांनी कपच्या काढलेल्या दिसतात, दोन्हीकडून येऊन धार जुळते. आपला एकाच बाजूनं फुटलाय, बाकी गुळगुळीत. नदीचं काम. पोरगं हिरमुसलं.

पण त्याचं बोलणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं बघा. हीच कृष्णा खाली कर्नाटकात जाते. अलमट्टी आपल्याला पाठ आहे, दर पावसाळ्यात तिच्या दारांवर डोळे. त्याच्या पुढं नारायणपूर धरण, आणि त्या भागात हुणसगी. तिथल्या इसामपूरला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी खणून काढलेली जागा म्हणजे चक्क हत्यारांचा कारखाना. चुनखडीच्या लाद्या जागच्या जागी फोडून कुऱ्हाडी केलेल्या, कपच्यांचा सडा तसाच पडलेला. तिथं सापडलेल्या जनावराच्या दातावरून वय काढलं, ते सुमारे १२ लाख वर्षं. आपली माणसाची जात उणीपुरी ३ लाख वर्षांची. म्हणजे हे कारागीर आपल्या आधीचे कुणी. होमो इरेक्टस असावेत असं मानतात. त्याची हाडं पार जावा बेटावर १८९१ साली सापडली. आफ्रिकेतून निघून इतक्या लांब पोचलेली ही मंडळी, आणि नकाशा नाही, की पुढं काय आहे ते सांगणारं कुणी नाही.

मला जास्त भिडलं ते वेगळंच. पद्दय्यांचं म्हणणं असं, की पावसाळ्यात ही माणसं खोऱ्यात पांगायची आणि उन्हाळ्यात बारमाही झऱ्यांपाशी परत गोळा व्हायची. पाणी बघून जायचं, पाणी बघून यायचं.

आपल्याकडं 'स्थलांतर' हा शब्द तलाठ्याच्या नोटिशीत येतो. २०१९ ला आम्ही म्हशी घेऊन जयसिंगपूरला पाहुण्यांकडं गेलो, २०२१ ला पुन्हा तेच. दोन्ही वेळा ऊस कुजला, घरात गुडघाभर गाळ. तेव्हापासून बायको म्हणते, वर दोन गुंठे घेऊन घर बांधू, रान राहू दे इथंच. आबा ऐकत नाहीत. नरसोबाच्या वाडीतनं कोण हलतं, म्हणतात.

काल जेवताना मी त्यांना हुणसगीचं सगळं सांगितलं. वर म्हणालो, "पूर चढला की उत्सवमूर्तीसुद्धा वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात न्हवं?"

आबा घास गिळून म्हणाले, "नेतात. पण परत आणतात."

"आपणबी रोज रानात येणारच की."

ते काही बोलले नाहीत. ताक संपवून उठले.

रविवारी शिरोळच्या बाजूला जागा बघायला जायचंय. आबा येतो म्हणालेत, पण गाडीत बसेपर्यंत खरं नाही. दगड धाकट्यानं दारात ठेवलाय. म्हैस बांधायचा खुंटा ठोकायला बरा पडतो.