विंडोज अमुक किंवा त्यापुढील

कुठल्याही सॉफ्टवेअरची जाहिरात मी खालून वर वाचतो. तळाशी बारीक अक्षरांत ‘विंडोज १० किंवा त्यापुढील’ असं काहीतरी असतं. आपण त्यात बसत नसलो तर वरचं कौतुक वाचून करायचं काय? ही सवय कॉलेजातली. घरी विंडोज ९८ होतं आणि मासिकांबरोबर येणाऱ्या सीडीतला निम्मा माल एक्सपीवाल्यांसाठी असायचा. फायरफॉक्सनंही तिसऱ्या आवृत्तीपासून ९८ची साथ सोडली. मग कुणा हौशी मंडळींनी केलेलं कर्नलएक्स हाती लागलं. ते बसवलं की ९८ नव्या प्रोग्रामांना बिनदिक्कत थापा मारायचं, की मी एक्सपीच आहे, या आत. काही प्रोग्राम फसायचे, काही निळा स्क्रीन दाखवून सूड उगवायचे.

पुढे नोकरी लागली, नवे लॅपटॉप आले, तरी हा उद्योग सुटला नाही, कारण मामांचा छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल. डीटीपीच्या संगणकावर एक्सपी, त्यात पेजमेकर, आणि मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं लॉक मागच्या प्रिंटर पोर्टात खोचलेलं. नव्या संगणकांना ते पोर्टच नसतं. शिवाय वर्षानुवर्षं कंपोज केलेलं मॅटर युनिकोडच्या आधीच्या फाँटांत, दुसरीकडे उघडलं की नुसती अगम्य चिन्हं. त्यामुळे मशीन बदलायचं नाही, पण “यात नवीन काय आलंय ते टाक की रे” हे चालूच. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टनं एक्सपीला अपडेट देणं बंद केलं. मामांना त्याचा पत्ताही नव्हता. पत्रिकांचा सीझन होता.

अडलं ते निराळ्याच ठिकाणी. नवा प्रोग्राम उघडायला गेलं की एक्सपी म्हणायचं, हे वैध विन३२ अ‍ॅप्लिकेशनच नव्हे. फाइल तर धडधाकट होती. भानगड अशी की प्रत्येक एक्झी फाइलच्या सुरुवातीच्या भागात, किमान कुठलं विंडोज हवं, याचा आकडा लिहिलेला असतो. एक्सपीचा ५.१, व्हिस्टाचा ६.०. प्रोग्राम बांधायचं मायक्रोसॉफ्टचं साधन, व्हिज्युअल स्टुडिओ २०१२, आलं तेव्हा त्यात एक्सपीसाठी प्रोग्राम बांधायची सोयच नव्हती. ओरड झाल्यावर त्याच वर्षी ती परत दिली गेली. मी हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडली आणि तो आकडा खाली आणला. एक्सपीनं ती आत घेतली आणि लगेच दुसरी खिडकी तोंडावर फेकली: कर्नेल३२.डीएलएलमध्ये गेटटिककाउंट६४ सापडत नाही.

हे फंक्शन व्हिस्टापासून आलं. संगणक सुरू होऊन किती मिलिसेकंद झाले, एवढंच ते सांगतं. एक्सपीतलं जुनं गेटटिककाउंटही तेच सांगतं, फक्त ४९.७ दिवसांनी त्याची मोजणी पुन्हा शून्यावर येते. आता आमच्या गावात भारनियमनाच्या काळात कुणाचा संगणक सलग ४९ तास चालला असता, तरी मामांनी पेढे वाटले असते. जी मोजणी तिथे कधी लागणारच नव्हती, तिच्यापायी प्रोग्राम अडून बसला होता.

यंत्राचं म्हातारपण बहुतेकदा असं परस्पर, दुसऱ्याच कुणाच्या तरी टेबलावर ठरतं; आणि ठरवणाऱ्याच्या मनात त्या यंत्राचा विचारही नसतो. अर्थात त्यांचीही बाजू आहे. प्रत्येक आवृत्ती जुन्या विंडोजवर तपासत बसणं ही बिनपैशाची हमाली, आणि असुरक्षित यंत्राला जिवंत ठेवल्याचा ठपका वर. म्हणून तर इगोर पाव्लोव्ह या रशियन प्रोग्रामरबद्दल मला विशेष आदर. फाइली आवळून ठेवणारं त्यांचं सेव्हन-झिप अजूनही एक्सपीवर निमूट बसतं. व्हिडिओ दाखवणाऱ्या व्हीएलसीची तिसरी आवृत्तीही तशीच गुणी.

ब्राउझरची कथा मात्र केविलवाणी. एक्सपीवर क्रोम ४९ पाशी थांबलं, फायरफॉक्स ५२ पाशी. ३० सप्टेंबर २०२१ ला, लेट्स एन्क्रिप्टच्या फुकट सर्टिफिकेटांना आधार देणारं एक जुनं मूळ सर्टिफिकेट मुदत संपून बाद झालं. मामांच्या क्रोममध्ये रोजच्या साइट एकाएकी ‘असुरक्षित’ ठरल्या. त्याच मशीनवर, त्याच क्षणी, फायरफॉक्समध्ये त्या बिनबोभाट उघडत होत्या. कुणावर विश्वास ठेवायचा याची यादी क्रोम विंडोजकडून घ्यायचं, तर फायरफॉक्स स्वतःची बाळगून असायचं. मामांनी माझं हे विवेचन शांतपणे ऐकलं आणि क्रोमचं चित्र डेस्कटॉपवरून काढायला लावलं.

अलीकडे सुपरमियम नावाचा ब्राउझर निघालाय, ताज्या क्रोमियमपासून बनवलेला आणि तरीही एक्सपीवर चालणारा. मी उत्साहानं बसवला. एक पान उघडेपर्यंत चहा आला, पिऊन झाला.

“ते राहू दे,” मामा म्हणाले, “आधी पेजमेकर उघडतंय का बघ.”

उघडलं. कालची पत्रिका होती तशी होती.

“मग आता व्हॉट्सअ‍ॅप टाक. लोक मॅटर त्याच्यावरच पाठवतात.”