ढवळीचे शब्द

गाईगुरांसाठी मराठीत शब्दांची ददात नाही. दावं तोडून लोकांच्या पिकात घुसणारी ती ओढाळ, शिंगं रोखणारी मारकी, धार काढताना पाय झाडणारी लाथाळ. आणि वासरासाठी दूध राखून ठेवणारी गाय पान्हा चोरते. वसमत तालुक्यातल्या आमच्या घरात हे सगळे शब्द आजीच्या तोंडी होते. पुढं गोठा रिकामा झाला, दारात ट्रॅक्टर आला, आणि आजीचं सारं लक्ष एका पांढऱ्या मांजरीवर जडलं. तिचं नावही तिनं गाईचंच ठेवलं, ढवळी.

मांजरीला मात्र भाषेनं थोडक्यात भागवलंय. ती म्याव करते, फिसकारते, गुरगुरते. आजीला एवढं पुरेना.

पहिला शब्द चुलीपाशी झाला. ढवळी वाकळेवर बसून पुढचे पाय आळीपाळीनं दाबत होती, डोळे अर्धे मिटलेले. माय म्हणाली, "बघा आत्याबाई, ही भाकरी थापायली." तेव्हापासून ती थापणी झाली. आजीला त्यातलं वासरू दिसलं. वासरू ढुशा देऊन गाईला पान्हवतं, तसंच मांजराचं पिल्लू आईचं पोट दाबून दूध उतरवतं; मोठेपणी पायाखाली मऊ काही आलं की ते दाबणं परत येतं. ढवळी थापणीला लागली की आजी घरातल्या सगळ्यांना गप्प करायची. "तिला माय आठवायली, बोलू नका."

मग शब्द होतच गेले. शिंक्यावरच्या दुधाकडे कान लावून घेतलेली खोटी डुलकी म्हणजे दूधझोप. वळचणीच्या चिमण्यांकडे बघत जबडा थरथरवून काढलेला तो बारीक आवाज, चिमणजप. दिवेलागणीला काही कारण नसताना ओसरीपासून परसापर्यंत सुटायची, ते सांजसुसाट. दार उघडलं की बाहेरही जायचं नाही नि आतही यायचं नाही, हा उंबरहट्ट.

डोळराम मला सगळ्यांत प्रिय. आजी बाजेवर बसलेली असायची, ढवळी समोर. ढवळी डोळे सावकाश मिटायची, सावकाश उघडायची. आजीही तसंच करायची. मोठ्याला रामराम घालतो तितक्या आदरानं हे चालायचं. २०२० साली इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. माणसानं असे डोळे मिचकावले की मांजर तसंच उत्तर देतं, आणि अनोळखी माणूस असला तरी त्याच्याजवळ यायला तयार होतं. मी हे आजीला वाचून दाखवलं. तिला खरोखर आनंद झाला. "त्यांच्याकडंबी कुणीतरी बसून बघितलं म्हणायचं," ती म्हणाली.

हळदपावली हा शब्द आमच्यासारख्या हळदीच्या भागातच होऊ शकतो. शिजवून वाळवलेली हळद पॉलिशच्या ढोलात फिरायला लागली की पिवळी धूळ अंगणभर बसते. ढवळी त्यातून चालत यायची आणि घरभर पिवळी पावलं उमटायची, थेट देव्हाऱ्यापर्यंत. माय ती लगेच पुसायची नाही. हळदच ती, राहू द्या म्हणायची.

आणि भुईकान. आमच्याच तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत कैक वर्षांपासून जमिनीतून गूढ आवाज येतात. भांडी थरथरतात, माणसं बाहेर पळतात. असा आवाज झाला की ढवळी पोट जमिनीला टेकवून बसायची, कान आडवे पाडून. तिला आधी कळायचं असा माझा दावा नाही. पण आवाज थांबल्यावरही ती बराच वेळ उठायची नाही, आणि आम्हीही मग तिच्याकडे बघूनच आत जायचो. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहानंतर ४.५ रिश्टरचा धक्का बसला, पाठोपाठ दुसरा. सगळे अंगणात. ढवळी ट्रॉलीखाली होती. म्हातारं शरीर, तरी भुईकान. आजी उन्हं वर आली तरी आत जाईना. "उठला का गं भुईकान?" हे ती मायला विचारत राहिली. त्या दिवशी तो शब्द शेजाऱ्यांनीही उचलला.

१० जुलैला कळमनुरीकडच्या रामेश्वर तांड्याच्या बाजूला पुन्हा तेवढाच धक्का झाला. आम्ही तिला उचलून बाहेर आणलं. तिचे कान हलले, पण बसायचं बळ राहिलं नव्हतं. पोळ्याआधी ती गेली. आजीनं तिला परसातल्या लिंबाखाली, गाय गेल्यावर करतात तसं हळदकुंकू वाहून पुरलं.

शब्द घरातच राहिले. दारात घोटाळणाऱ्या पुतणीला माय म्हणते, "उंबरहट्ट पुरे." आता एक करडं पिल्लू आलंय. ते पाण्याच्या वाटीत आधी पाय बुडवून मग पाय चाटतं. पुतणी त्याला पायपाणी म्हणते. आजीला ते मान्य नाही. पायपाणी पाहुण्यांना देतात, ती म्हणते, आणि रोज सकाळी वाटीपाशी बसून दुसरा शब्द शोधते.