सतरंजी

समाजसेवेचा पहिला धडा मला एका जाड, निळ्या-तांबड्या पट्ट्यांच्या सतरंजीने दिला. वडील केंद्रीय सचिवालयात कारकून होते, आणि नोकरीपायी दिल्लीस येऊन करोलबागेत स्थिरावलेल्या इतर मराठी कुटुंबांप्रमाणे आमचेही वर्ष गणेशोत्सवाभोवती फिरत असे. त्या उत्सवात कीर्तन असो, व्याख्यान असो वा नाटक असो, आरंभी सतरंज्या अंथरणे आणि शेवटी त्या झटकून, घड्या घालून, मोजून कोठीत जमा करणे हे काम वडिलांनी केव्हा आणि कोणाच्या हुकमाने पत्करले होते, हे कोणासच ठाऊक नव्हते. मला त्याचा संकोच वाटे. पहिल्या रांगेत बसणाऱ्या साहेबांची मुले माझ्याच वर्गात होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणाऱ्या चिंतामणराव देशमुखांविषयी त्या काळच्या दिल्लीकर मराठी माणसास केवढा अभिमान! वडिलांच्या तोंडी मात्र चिंतामणरावांच्या पत्नी दुर्गाबाईंची कथा अधिक असे. स्वतः नुकतीच शिकलेली हिंदी इतर स्त्रियांना शिकविण्यासाठी शाळकरी वयातच पाठशाळा चालविणारी ही मुलगी १९२३ साली, काकिनाड्याच्या काँग्रेस अधिवेशनात, खादी प्रदर्शनाच्या द्वाराशी स्वयंसेविका म्हणून उभी होती. तिकीट नाही म्हणून तिने खुद्द जवाहरलालांना अडविले आणि तिकीट आल्यावरच आत सोडले. पुढे १९५३ साली चिंतामणरावांशी त्यांचा विवाह झाला तेव्हा तेच जवाहरलाल साक्षीदार होते, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. वडील म्हणत, "बाई अध्यक्ष झाल्या त्या दारावर. खुर्ची सरकारने मागाहून दिली."

उत्सवासाठी खुर्च्या आल्या तेव्हा जुन्या सतरंज्यांपैकी एक वडिलांनी रीतसर किंमत भरून, पावती घेऊन घरी आणली. माझ्या नोकरीच्या काळात ती ट्रंकेच्या तळाशी होती. निवृत्तीनंतर नोएडातील एका झुग्गीवस्तीत मी रविवारचा वर्ग सुरू केला तेव्हा बाहेर निघाली. तिच्यावर बसून अपूर्णांक शिकलेल्या मुलींपैकी एक पुढे पदवीधर झाली. आपले ऋण कसे फेडावे, असे तिने मला विचारले, तेव्हा माझ्या हाती हजेरीची वही होती. तीच तिला दिली.

वर्गाची सूत्रे घेताच तिने सकाळची वेळ रद्द करून दुपारची ठरविली. पाण्याचा टँकर सकाळी येतो, रांगेत घरोघरच्या मुलीच उभ्या राहतात, हे तिला कोणाकडून ऐकावे लागले नव्हते. हातात बादली घेऊन तीही त्याच रांगेत वाढली होती. हजेरी वाढली. लोकसेवेस विद्या हवी, द्रव्य हवे, वशिलाही कधी उपयोगी पडतो. परंतु ज्यांच्यासाठी बैठक अंथरावयाची त्यांचा दिवस कसा उजाडतो याची जाण ज्याला आहे, त्याच्याच शब्दास वजन येते, आणि हे वजन वयाने किंवा हुद्द्याने मिळत नाही. मी आता तिच्या हाताखाली काम करतो. गेल्या महिन्यात, शिकविताना मी फार बोलतो आणि मुलींना बोलू देत नाही, असे तिने मला इतरांसमक्ष सुनावले. तेव्हापासून तिसरीच्या मुली फळ्याशी उभ्या राहून शिकवितात आणि मी खडू पुरवितो.