अडलेले चाक

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या माणसास एक समजूत हमखास जडते. मागे ठेवून आलेली प्रत्येक वस्तू आपण ठेवली तशीच आपली वाट पाहत असेल, असे तो धरून चालतो. ट्रंकेतील शाल, माळ्यावरची पेटी, बंद खोलीतील पुस्तके ही सारी त्याच्या लेखी जणू रजेवर असतात. साहेब परतले की कामावर हजर! आमच्या वाचकांपैकी बहुतेकजण बदलीवरच असल्यामुळे या समजुतीचा अधिक खुलासा नको. आमच्यापुरता तिचा निकाल कसा लागला, तेवढे सांगतो.

जबलपुरास आमच्या घराच्या अंगणात कडुनिंबाखाली एक जोंगा उभा आहे. जबलपूरकरांस जोंगा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगितले पाहिजे. जपानच्या निसान कंपनीची ‘पॅट्रोल’ नावाची, चारही चाकांना इंजिनचा जोर पोचवणारी गाडी परवान्यावर येथे लष्करासाठी बनू लागली आणि ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून ‘जोंगा’ हा सुटसुटीत शब्द निघाला. येथील गनकॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. १९६९ साली वाहन निर्माणी स्वतंत्रपणे उभी राहिली आणि शक्तिमान ट्रकांच्या जोडीने तिच्या फाटकातून जोंगे बाहेर पडू लागले. १९९९ साली ते बनणे थांबले.

आमचे वडील, नाना, या निर्माणीच्या हिशेब शाखेत होते. इतके ड्रम आले, इतकी बेअरिंगे गेली, इतका माल नापास झाला, अशा नोंदींतून त्यांनी अक्षरशः हजारो जोंगे पाहिले. पण आयुष्यात एकदाही ते जोंग्यात बसले नव्हते. त्यांच्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी लष्कराने मोडीत काढलेला एक जोंगा आम्ही लिलावात घेतला आणि नानांस भेडाघाटास घेऊन गेलो. तेथल्या नावाड्याला ते संगमरवराऐवजी गाडीच दाखवीत होते. पुढे आमची बदली झाली, तिच्यामागून दुसरी झाली, आणि जोंगा बारा पावसाळे कडुनिंबाखाली राहिला.

आम्ही निवृत्त होऊन परतलो तेव्हा नाना शहाऐंशी वर्षांचे होते. एके संध्याकाळी ते सहज म्हणाले, “अरे, तो जोंगा निघेल का रे? एकदा बसावंसं वाटतं.” नानांनी आमच्याजवळ आजवर काही मागितले नव्हते. बारा वर्षे पत्राने खुशाली कळविणाऱ्या मुलास त्या साध्या वाक्याने जे वाटायचे ते वाटले. पुढे जे घडले त्याच्या मुळाशी ती लाज होती, हे आज आम्हांस दिसते.

इंजिन अपेक्षेपेक्षा लवकर बोलू लागले. तीन चाके फिरू लागली. पुढचे डावे चाक मात्र हलेना. गाडीची छापील पुस्तिका घरात होती आणि फायली वाचून निर्णय देण्यात आमची हयात गेली होती. तेव्हा हे काम आपणच करावे असे आम्ही ठरविले.

जोर पोचवणाऱ्या पुढच्या चाकाची रचना कांद्यासारखी असते. एक पापुद्रा काढावा तो आत दुसरा. प्रथम चाक. मग आसाचा जोर हबला देणारी बोल्टांची चकती. तिच्यामागे दोन मोठे नट आणि त्यांच्यामध्ये नटांना फिरू न देणारा, कडा वाकवलेला वॉशर. मग बाहेरचे बेअरिंग, आणि शेवटी हब व ब्रेकचा ड्रम. चकती गंजाने चिकटली होती, ती निघाली. नटही निघाले. येथवर आम्ही स्वतःवर फार खूष होतो. ड्रम मात्र जागचा हलेना. आम्ही ओढले, पहार लावली, शेजारच्या मुलास हाताशी घेतले. दोन दिवस गेले. नाना व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून पाहत होते, आणि त्यांचे ते पाहणेच आम्हांस सोसवेना. तिसऱ्या दिवशी आम्ही मोठा हातोडा घेतला आणि ड्रमच्या मागच्या कडेवर घाव घातला.

आवाज काही वेगळाच आला. आम्हांस त्याचा अर्थ कळण्यापूर्वी व्हरांड्यातून नाना म्हणाले, “बीड फुटलं.”

खाली दोन बोटे रुंदीचा एक कपचा पडला होता. पोलाद वाकते, बीड वाकत नाही, एकदम तुटते. एखाद्या चालू गाडीचा ड्रम असता तर दुकानातून दुसरा आणला असता. येथे ती गाडी बनणेच वीस वर्षांपूर्वी बंद झालेले. नाना रागावले नाहीत. “रांझीच्या मिस्त्रींना बोलाव,” एवढेच म्हणाले.

मिस्त्री त्याच निर्माणीतून निवृत्त झालेले, वयाने सत्तरीपलीकडचे. त्यांनी येताच नानांस “बड़े बाबू, राम राम” केला, चाकाजवळ उकिडवे बसले, आमच्या हातोड्याकडे पाहिले आणि म्हणाले, “काय साहब, इत्ती जल्दी?” जबलपुरी बोलीतला हा ‘काय’ ऐकून एरवी आम्हांस घरच्यासारखे वाटते. त्या दिवशी तो झोंबला.

त्यांनी दाखविले ते असे. ब्रेकचे शू वर्षानुवर्षे घासून ड्रमला आतून खाच पाडतात आणि कडेला एक उंबरठा राहतो. त्या उंबरठ्याआड शू अडकलेले असले, की बाहेरून कितीही ओढा, ड्रम येणार नाही. प्रथम मागच्या पत्र्याच्या बाजूने शू सैल करायचे असतात. म्हणजे आमचे सारे बळ गंजाशी नव्हे, तर आम्ही न सोडलेल्या एका कडीशी झगडत होते. ती कडीही गंजली होती. मिस्त्रींनी तिच्यावर रॉकेल आणि इंजिनचे तेल यांचे थेंब सोडले आणि घरी निघून गेले! दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. तिसऱ्या दिवशी पाना लावून पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, असे करीत त्यांनी ती सोडविली. मग लाकडी मोगरीने ड्रमला समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने हलके ठोकले. ड्रम त्यांच्या मांडीवर आला.

आतल्या बेअरिंगची कडी आसाला धरून बसली होती. मिस्त्रींनी तेल-रॉकेलाचा डागही न ठेवता सारे पुसून काढले आणि ब्लो लॅम्पने फक्त कडी तापविली. आस गरम होण्याआधी कडी तापून फुगली, आणि पुलरने सरळ बाहेर आली. तापविलेले बेअरिंग पुन्हा घालायचे नसते. ते बाजारात नवे मिळाले. फुटलेल्या ड्रमवर मात्र त्यांनी स्वच्छ नकार दिला. “उभी करून ठेवायची असेल तर चालेल. बड़े बाबू बसणार असतील तर नाही.”

दुसरा ड्रम मिळण्यास सतरा दिवस लागले. भंगारवाल्यांकडे कापलेल्या जोंग्यांचे दरवाजे होते, टप होते, ड्रम नव्हता. त्या सतरा दिवसांत नानांस दोनदा ताप येऊन गेला. रात्री त्यांच्या उशाशी बसलो असता आम्हांस तो आवाज पुनःपुन्हा ऐकू येई. हुकमाने कामे करून घेण्याची सवय झालेल्या हाताला लोखंड हुकूम मानत नाही हे कळले होते. पण त्या कळण्याची किंमत नानांचे दिवस देत होते.

अखेर ड्रम मिळाला. मिस्त्रींनी तो खराद्याकडून आतून साफ करून घेतला, शू बसविले, नट आवळून पुन्हा किंचित सैल केले आणि चाक हाताने फिरवून बराच वेळ कान देऊन ऐकले.

रविवारी सकाळी आम्ही नानांस पुढच्या सीटवर बसविले. ग्वारीघाटास जायचे ठरले होते, पण ते म्हणाले, “आधी फॅक्टरीवरून घे.” फाटकाशी आम्ही गाडी थांबविली. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा निर्माणीची मालकीही एका नव्या नावाकडे गेली. नाना बराच वेळ त्या फाटकाकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे भरून येतील अशी आमची समजूत होती. त्यांनी विचारले, “ब्रेक मारलास तेव्हा गाडी डावीकडे ओढली का?”

“नाही.”

“मग चल घाटावर,” नाना म्हणाले.