ग्रुप फुटल्यावर

आमच्या धानोऱ्यात, म्हणजे गडचिरोलीच्या पार आत, पॉप टीव्हीवरच भेटायचं. तेही लोडशेडिंगने दया केली तर! २००२ मध्ये चॅनल व्हीच्या ‘पॉपस्टार्स’मधून पाच मुलींचा ‘विवा’ हा ग्रुप निघाला आणि आम्ही मैत्रिणी ‘जागो जरा’ म्हणत हिंडायला लागलो. माझी फेव्हरिट नेहा भसीन.

२००३ ला दुसरा अल्बम आला आणि थोड्याच काळात ग्रुप फुटला. आयर्लंडचा बॉयझोन २००० मध्ये थांबला, तेव्हा रोनन किटिंगचं सोलो गाणं आधीच ब्रिटनमध्ये नंबर वन होऊन गेलं होतं. नेहाला असं रेडीमेड काही नव्हतं. दिल्लीची ही मुलगी २००७ मध्ये ‘सत्तम पोडादे’साठी चक्क तमिळमध्ये गायली. मग २००८ ला ‘फॅशन’मधलं ‘कुछ खास’, २०११ ला ‘धुनकी’. ‘सुलतान’च्या ‘जग घूमेया’साठी फिल्मफेअर मिळालं ते २०१७ मध्ये. विवानंतर मोजा, किती वर्षं झाली!

हा हिशोब मी का करत बसले? गेल्या वर्षी पुण्यात आमची अख्खी टीम एका मेलवर बंद झाली. आईचा फोन, “मंग ये ना घरी.” जावंसं वाटलंही. पण ती तमिळ गाणं गाऊ शकते, तर मी दुसरं काम शिकू शकत नाही? सध्या अकाउंट्सचा क्लास लावलाय. टॅली डोक्यावरून जातंय. पण जातेय रोज.