सर्व जोखीम आणि एक दोर

कुणाची ताबेदारी नको म्हणून माणूस स्वतःचा धंदा काढतो. मीही रंगकामाची कंत्राटं घेऊ लागलो ती याच रुबाबात. नोकरीत एकच साहेब असतो. धंद्यात प्रत्येक गिऱ्हाईक साहेब. घरगुती गिऱ्हाईक फार तर "रंग भिंतीला लावा हो, सोफ्याला नको" एवढंच बजावतं. कारखान्याचं तसं नाही.

भोसरीच्या एका कारखान्याची दर्शनी भिंत रंगवायचं ८५ हजारांचं काम मिळालं, आणि ऑर्डरीबरोबर विम्याच्या अटींची सहा पानं आली. त्यात सागरी वाहतुकीचाही विमा होता! चार डबे प्रायमर रविवार पेठेतून टेंपोने जाणार. वाटेत मुळा आणि मुठा दोन्ही लागतात हे खरं, पण त्यांना पूल आहेत.

ती पानं घेऊन मी आमच्या सोसायटीतल्या विमा एजंटांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून घेतला. "पब्लिक लायबिलिटी, १९९१ च्या कायद्याप्रमाणे? अहो, तो कायदा भोपाळनंतर झाला, घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी. तुम्ही काय भिंतीवर वायू फवारणार आहात? तुम्हाला साधी तिसऱ्या माणसाच्या नुकसानीची पॉलिसी पुरे. म्हणजे डबा साहेबांच्या गाडीवर पडला तर."

'ऑल रिस्क' या शब्दावर माझा फार जीव जडला होता. सगळ्या जोखमी! पॉलिसी उघडली, तर पहिल्या पानावर सगळ्या जोखमी आणि पुढल्या पानांवर त्यातून वगळलेल्या जोखमी: युद्ध नाही, अणुस्फोट नाही, झीज नाही, सदोष काम नाही. शिवाय नुकसानीचा पहिला हिस्सा आपणच सोसायचा. लग्नाच्या जेवणात 'सर्व पदार्थ' म्हणावेत आणि आतून फक्त मठ्ठा यावा, तसं.

पर्चेस खात्यातल्या साहेबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "फॉर्म हेड ऑफिसचा आहे. खोडता येत नाही. बोटीसमोर 'लागू नाही' लिहा, आणि सही-शिक्का करा."

एका अटीला मात्र मी हसलो नाही. कामगारांच्या नुकसानभरपाईचा विमा. १९२३ च्या कायद्याने सांगून ठेवलं होतं, की ठेकेदाराचा माणूस कामावर जखमी झाला तर तो भरपाई थेट मूळ मालकाकडे मागू शकतो. मालकाने मग ती ठेकेदाराकडून वसूल करावी. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण मालक लोकांची धास्ती होती तिथेच आहे. माझ्या चार पेंटरांबद्दल कारखान्याला एवढा उमाळा का, ते तेव्हा कळलं.

आमच्यातले वयस्क पेंटर म्हणजे मामा. चाळीस वर्षं झुल्यावर बसून भिंती रंगवताहेत. त्यांना मी समजावलं, "मामा, वरून पडून काही बरंवाईट झालं, तर निम्मा पगार गुणिले वयाचा आकडा एवढे पैसे घरी मिळतात."

"वयाचा आकडा म्हंजे?"

जुन्या कायद्यातला तक्ता मी वाचून दाखवला. सोळाव्या वर्षी २२८.५४, साठीला ११७.४१.

मामांनी विडी विझवली. "म्हंजे कामात हात बसेस्तोवर निम्मी किंमत उतरली की!" मग झुल्याकडे बघत म्हणाले, "साहेब, हे पैशे पडल्यावर मिळणार. न पडायला काय मिळतंय का? दोर बघा की जरा."

मी बघितला. गाठीपाशी दोन पीळ सुटले होते. सहा पानांत दोराबद्दल एक ओळ नव्हती.

त्याच संध्याकाळी मी दोन नवे दोर आणि चार पट्टे आणले, आणि पॉलिसीही काढली. काम निर्विघ्न पार पडलं. बिलात मी दोन्ही खर्च लावले. अकौंट्स खात्याने विम्याचा हप्ता बिनतक्रार मंजूर केला. दोरासमोर लाल शाईत शेरा होता: "ऑर्डरीत तरतूद नाही."